‘काही नाही झालं’ म्हणण्याआधी : नव्या आईबाबांसाठी

परळच्या आमच्या बालवाडीत दर जूनमध्ये एक दृश्य ठरलेलं असतं. नवीन आलेलं तीन-साडेतीन वर्षांचं मूल पळता पळता बाकावर आपटतं, गुडघा सोलवटतो, आणि सोडायला आलेली आजी धावत जाऊन बाकाला चापट मारते. “हात रे बाक! माझ्या सोन्याला लागलं? काही नाही झालं, तो बघ उंदीर पळाला!” मूल क्षणभर रडायचं थांबतं, बाकाकडे बघतं, मग आजीकडे. गुडघा झोंबतच असतो.

यात प्रेम आहे, याबद्दल मला शंका नाही. माझ्या मुलीसाठी मीही दाराला आणि जमिनीला अशाच चापट्या मारल्या आहेत. पण इतकी वर्षं लहान मुलांत काढल्यावर ती दोन वाक्यं मला ऐकवत नाहीत. ‘काही नाही झालं’ म्हणून आपण मुलाला सांगतो, की तुला जे जाणवतंय ते खरं नाही. बाकाला मारून सांगतो, की कारण शोधायची गरज नाही, कुणावर तरी ढकललं की झालं. एका वाक्याने स्वतःचं मन ओळखायची वाट अडते, दुसऱ्याने विचार करायची.

हल्ली भावनिक बुद्धिमत्तेचे वेगळे क्लास निघालेत, चिकित्सक विचारांचे वेगळे. पीटर सालोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली, तेव्हा तिच्या व्याख्येतच विचाराला जागा होती. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखायच्या, त्यांतला फरक समजून घ्यायचा आणि त्या माहितीचा उपयोग विचार करायला व वागायला करायचा, असं ते म्हणाले. त्यामुळे मी पालकांना दोन्हींची शिकवणी एकत्रच सांगते, आणि तीही घरच्या घरी. पायऱ्या खालच्या क्रमाने चढाव्यात, कारण पहिलीवर विश्वास बसला तरच मूल पुढच्यांवर तुमच्याबरोबर येतं.

पहिली पायरी : जे झालं, ते झालं म्हणा

मूल पडलं तर जवळ बसा आणि दिसतंय तेच बोला. “आपटलास. गुडघा सोलवटला. झोंबतंय ना?” एवढंच. फुंकर घाला, धुवा, रडू द्या. बहुतेक वेळा रडं लवकर आवरतं, कारण आता त्याला ‘मला लागलंय’ हे पटवून द्यावं लागत नाही. शांत झाल्यावर विचारा, “कसा रे आपटलास?” पहिल्यांदा उत्तर येईल, “बाकाने मारलं.” हसू नका. “चल, बघू या बाक कुठे होता, तू कुठून पळत आलास.” दोघांनी ती जागा बघा. चार-पाच वेळा असं झालं की मूल आपणहून सांगू लागतं, “मी मागे बघून पळत होतो.” तीन वर्षांच्या मुलाने स्वतः शोधलेलं ते पहिलं कारण असतं.

हाच नियम इंजेक्शनला. “दुखणार नाही” म्हणू नका, दुखतंच. “मुंगी चावल्यासारखं दुखेल, आपण दहा आकडे मोजू, तोवर कमी होईल,” असं सांगा आणि खरंच मोजा. शाळेच्या पहिल्या दिवशी “आत्ता येते हं” म्हणून मागच्या मागे सटकू नका. अशा आईचं मूल पुढचे कित्येक दिवस खेळत नाही, दाराकडे बघत बसतं. “डबा खाऊन झाला, गाणी म्हणून झाली की मी दारात असेन,” असं सांगा आणि दारात असाच.

आणि पोलिसाची भीती घालणं आजपासून बंद करा. “जेवला नाहीस तर पोलीस काका नेतील” हे वाक्य मुंबईत धोक्याचं आहे. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर मुलाचा हात सुटला, तर ज्या खाकी कपड्यातल्या माणसाकडे त्याने जायला हवं, त्यालाच बघून ते गर्दीत लपेल.

दुसरी पायरी : भावनेला नेमका शब्द द्या

ही पायरी मला सगळ्यांत प्रिय आहे, कारण इथे आपली भाषा श्रीमंत आहे आणि आपण ती श्रीमंती वापरत नाही. इंग्रजी माध्यमातल्या अनेक मुलांकडे मनासाठी तीन शब्द असतात : हॅपी, सॅड, अँग्री. मराठी माध्यमातल्यांकडेही फार नसतात, ‘राग आला’ आणि ‘मज्जा आली’ यांवर काम भागतं. आता घरातल्या आजीचं बोलणं नीट ऐका. राणीच्या बागेत जायचं ठरलं आणि पाऊस कोसळला, तर होतो तो हिरमोड. वर्गासमोर कविता म्हणायच्या आधी असते ती धाकधूक. धाकट्या भावाला नवी सायकल आली की वाटतो तो हेवा. बिल्डिंगमधल्या मोठ्या मुलांनी क्रिकेटमध्ये घेतलं नाही की पोर खट्टू होतं. चारचौघांत चूक निघाली की ओशाळतं. हातातली संधी थोडक्यात गेली की लागून राहते ती चुटपुट. आणि रुसवा तर फक्त आपल्या माणसावर धरता येतो, जो समजूत काढायला येईल याची खात्री असते त्याच्यावर. मूल तुमच्यावर रुसलं असेल, तर त्याचा तुमच्यावर विश्वास आहे एवढं त्यातून समजा.

नाव दिल्याने काय होतं? २००७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात, लॉस एंजेलिसला, मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांना भावना दाखवणारे चेहरे दाखवले आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला, की मेंदूतल्या भीती-धोक्याशी जोडलेल्या अमिग्डाला या भागाची धावपळ कमी होत होती. बोलून मोकळं होणं म्हणतो ना आपण, त्याचीच ही एक खूण.

शब्द लादू नका, पुढे करा. “तुला राग आलाय” असं ठरवून टाकण्यापेक्षा “हिरमोड झाला का रे?” असं विचारा. मूल म्हणेल, “नाही, मला रागच आलाय.” मान्य करा, मन त्याचं आहे. आणि स्वतःचंही बोला. “आज लोकल चुकली, ऑफिसात उशीर झाला, फार वैताग आला,” असं रात्री जेवताना सांगणारा बाबा मुलाला जे शिकवतो, ते कुठलाही तक्ता शिकवणार नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बालवाडीच्या पागोळ्यांखाली एक पाच वर्षांची मुलगी कागदाची होडी सोडत होती. होडी दोन हात गेली, गटाराच्या जाळीला अडकली आणि भिजून लगदा झाली. मुलगी नुसती बघत उभी. मी विचारलं, “रडू येतंय का गं?” ती म्हणाली, “नाही ताई. हळहळ वाटते.” शब्द तिच्या आजीचा होता, आणि अगदी जागच्या जागी होता. मग ती विचारायला लागली, की तेलकट कागदाची केली तर भिजेल का. दुसऱ्या दिवशी आम्ही वडापावचा तेलकट कागद, वर्तमानपत्र आणि वहीचं पान अशा तीन होड्या केल्या. तेलकट सगळ्यांत जास्त टिकली.

तिसरी पायरी : वादळात शिकवणी नको

मूल हातपाय आपटत असताना समजावणं फुकट जातं. आवर घालणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. चार वर्षांच्या पोराकडून तो पूर्ण तयार असल्यासारखं वागणं कसं मागणार? तेव्हा नियम एकच आणि तोही थोड्या शब्दांत : “राग येऊ दे, मारायचं नाही.” हात धरा, आवाज खाली ठेवा, वाट बघा. कारणं, शिकवण, पश्चात्ताप हे सगळं नंतर, पोट भरलेलं असताना.

पुस्तकांत लिहिलेलं असतं, की मुलाला शांत व्हायला वेगळा कोपरा द्या. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात, तिथे कोपरा आणायचा कुठून? आमच्याकडच्या एका आईने गॅलरीत पालथी बादली ठेवली आहे. घरातलं कुणीही चिडलं की त्या बादलीवर जाऊन बसतं आणि खालची रहदारी बघतं. आजोबासुद्धा बसतात, म्हणून मुलाला ती शिक्षा वाटत नाही.

लोकलमध्ये मुलाने आकांत मांडला तर आपली खरी अडचण मूल नसतं, डब्यातले डोळे असतात. लोक काय म्हणतील या धास्तीने आपण चिमटा काढतो किंवा मोबाइल हातात देतो. जमलं तर पुढच्या स्टेशनला उतरा. फलाटावरच्या बाकावर बसा, पाणी पाजा, दोन गाड्या सोडा. घरी पंधरा मिनिटं उशिरा पोचाल.

चौथी पायरी : तुमचा तोल गेला, तर परत या

जाणारच आहे. मुंबईत दिवसाचे तीन तास प्रवासात घालवणाऱ्या माणसाचा जातोच. मानसशास्त्रज्ञ एड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात केलेला एक प्रयोग पालकांना मी नेहमी सांगते. आई तान्ह्या बाळाशी खेळत असते आणि मग सांगितल्याप्रमाणे दोन-तीन मिनिटं चेहरा दगडासारखा करते. बाळ हसून, हात पुढे करून, आवाज काढून तिला परत आणायला बघतं, आणि जमलं नाही की कोसळतं. मग आई पुन्हा बोलू लागते आणि बाळ हळूहळू सावरतं. ट्रॉनिक यांच्या पुढच्या कामातून हेच दिसलं, की आई-बाळाचे सूर सतत जुळलेले नसतातच. तुटलेला सूर पुन्हा जुळतो की नाही, याला महत्त्व आहे.

तेव्हा ओरडलात तर त्याच दिवशी जवळ घ्या आणि म्हणा, “मी ओरडले, ते चुकलं. तुझ्यामुळे नाही, मी दमले होते.” ‘पण तूसुद्धा’ हे शेपूट लावू नका.

पाचवी पायरी : बिस्किटांचा डबा

हा खेळ आज रात्री करून बघा. जवळजवळ प्रत्येक मराठी घरात बटर कुकीजचा तो गोल पत्र्याचा डबा असतो, ज्यात सुई-दोरा आणि तुटकी बटणं असतात. तीन वर्षांच्या मुलाला बंद डबा दाखवा आणि विचारा, आत काय असेल? “बिस्किटं.” उघडून दाखवा. बंद करा. मग विचारा, “आत्याने हा डबा कधी उघडलेला नाही. तिला काय वाटेल, आत काय आहे?” तीन वर्षांचं मूल बहुधा म्हणेल, “सुई-दोरा.” जे आपल्याला माहीत, ते सगळ्यांना माहीत, अशी त्याची समजूत असते. चार-पाच वर्षांचं मूल म्हणेल, “तिला वाटेल बिस्किटं!” आणि खुदकन हसेल.

जोसेफ पेर्नर आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली गोळ्यांच्या डबीत पेन्सिल ठेवून हेच तपासलं होतं. दुसऱ्याच्या डोक्यात वेगळं, अगदी चुकीचंही काही असू शकतं, हे साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उमगू लागतं. म्हणूनच तीन वर्षांच्या मुलाने खेळणं हिसकावलं तर ‘स्वार्थी’ म्हणू नका.

पाच वर्षांच्या पुढे मात्र रोज संधी आहे. गोष्ट सांगताना मध्येच थांबा. “सशाला काय वाटलं असेल? कासवाला काय माहीत नव्हतं?” भांडण झालं की दोघांनाही आधी समोरच्याची बाजू सांगायला लावा, आणि “असंच ना?” म्हणून त्याच्याकडून खात्री करून घ्यायला सांगा. आमच्या मोठ्या गटात अर्धी भांडणं इथेच मिटतात. यासाठी विकतचं सामान लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर पानं, बिया, काड्या, शंख-शिंपले घेऊन मुलांना शिकवलं, आणि धाक दाखवून शिकवायचं नाही हे पथ्य पाळलं.

सहावी पायरी : ‘कशावरून?’

मराठीत हा एकच शब्द अख्ख्या तर्कशास्त्राचं काम करतो. तो घरात रुळवा, पण आधी सूर सांभाळा. उलटतपासणीच्या सुरात विचारलेलं ‘कशावरून?’ मुलाचं तोंड बंद करतं. कुतूहलाने विचारलं तर उघडतं. आणि तुमच्यावर वेळ आली की तुम्हीही उत्तर द्या. “आज पाऊस पडणार.” “कशावरून, आई?” “बघ, समोरच्या गच्चीवरचे कपडे सगळ्यांनी काढले.” हे उत्तर चांगलं आहे. “मी सांगते म्हणून” हे उत्तर नाही.

घरात वडीलधारी असली की इथे खटका उडतो. नातीने आजोबांना “कशावरून?” विचारलं की उद्धटपणा वाटतो. दोन्ही बाजू सांभाळता येतात. मुलाला वाक्य शिकवा : “आजोबा, तुम्हाला हे कसं कळलं?” आणि आजोबांना एकीकडे बाजूला घेऊन सांगा, की तिला तुमचं ऐकायचंच आहे, म्हणून विचारते. माझ्या मुलीच्या शाळेतून एकदा डायरीत शेरा आला होता, ‘वर्गात फार प्रश्न विचारते.’ मला वाईट वाटलं, आणि राग आला, दोन्ही. आम्ही तोड काढली. वहीचं शेवटचं पान प्रश्नांचं. तास चालू असताना तिथे लिहायचं, सुट्टीत त्यातला एक निवडून विचारायचा. निवडता निवडता कुठला प्रश्न खरा आणि कुठला नुसता बोलायचा म्हणून, हे तिचं तिलाच कळू लागलं.

वयाप्रमाणे प्रश्न बदलतात. पाच-सहा वर्षांच्या मुलासमोर दोन सारख्या पेल्यांत सारखं सरबत ओता, मग एकातलं उंच, अरुंद पेल्यात घाला. बहुतेक मुलं म्हणतील, उंच पेल्यात जास्त आहे. जाँ पियाजे यांनी दाखवलेली ही गोष्ट, साधारण सात वर्षांपर्यंत दिसते. चूक सुधारू नका. “परत ओतून बघायचं का?” एवढंच विचारा.

राणीच्या बागेत पेंग्विन बघायला जालच. काचेसमोर फोटो काढून पळू नका. “पेंग्विन बर्फात राहतात ना? मग इथे बर्फ कुठे आहे?” असं विचारून मुलाला तो प्रश्न मनात घोळवू द्या. ते हम्बोल्ट पेंग्विन आहेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांचं घर बर्फाळ नाहीच. आपल्याला पक्कं वाटणारी गोष्ट तपासावी लागते, हे तिथे काचेपलीकडे पोहत असतं. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातही असंच करा : सगळं बघू नका, तीन खेळ निवडा, बटण दाबायच्या आधी काय होईल ते मुलाला सांगू द्या, मग दाबा.

आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांसाठी लोकलमधला खेळ. तुम्ही मनात एक नियम धरा आणि सांगा, “२, ४, ६ हे आकडे माझ्या नियमात बसतात. तू तीन-तीन आकडे विचार, मी हो किंवा नाही म्हणेन.” मूल विचारेल ८, १०, १२. हो. २०, २२, २४. हो. “दोनदोनने वाढतात!” नाही. तुमचा नियम एवढाच : प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा. १, २, ५० सुद्धा चाललं असतं, पण ते कुणी विचारत नाही. पीटर वेसन यांनी १९६० साली मोठ्या माणसांवर हा खेळ करून पाहिला, आणि तीही अशीच फसली. आपलं म्हणणं खरं ठरवणारेच आकडे सगळे शोधतात, खोटं पाडू शकेल असा एखादा शोधत नाहीत. ठाण्याला गाडीत बसलात तर दादर येईपर्यंत मुलाला हे पटलेलं असेल.

आणि मग माहीमची गोष्ट सांगा. १८ ऑगस्ट २००६ ला माहीमच्या खाडीजवळ समुद्राचं पाणी गोड झाल्याची बातमी पसरली. हजारो लोक जमले, बाटल्या भरल्या, पोराबाळांना पाजलं. पाण्यात कचरा तरंगत होता, पिऊ नका असं सरकारी यंत्रणा सांगत होत्या. मुलाला विचारा : पाणी साखरेसारखं गोड होतं, की नुसतं खारट नव्हतं? मराठीत खारं नसलेल्या पाण्याला गोडंच म्हणतात. एका अनुस्वाराने चमत्कार होतो की नाही बघा! पावसाळ्यात जमिनीत साठलेलं गोडं पाणी समुद्रात आलं आणि हलकं असल्यामुळे वरच पसरलं, असं स्पष्टीकरण आयआयटीतल्या भूशास्त्रज्ञांनी दिलं. घरी करून दाखवा. पेल्यात भरपूर मीठ विरघळवलेलं पाणी घ्या आणि चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू रंगीत साधं पाणी सोडा. रंग वरच थांबतो.

त्या लोकांना मूर्ख म्हणू नका, मुलालाही म्हणू देऊ नका. त्यांना आशा वाटली होती, आणि आशेने विचार झाकला गेला. भीतीनेही तेच होतं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर दोनच दिवसांनी धरण फुटल्याची, त्सुनामी येत असल्याची अफवा मुंबईत उठली, आणि चेंगराचेंगरीत माणसं दगावली. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर काही आलं की आमच्या घरात पहिला प्रश्न मनाचा असतो : हे वाचून मला काय वाटलं? धास्ती, संताप, की आनंद? ते जितकं जोरात वाटलं, तितकं पुढे पाठवण्याआधी थांबायचं. मग ‘कशावरून?’ : कुणी लिहिलंय, तारीख आहे का, दुसरीकडे कुठे आलंय का. दहा वर्षांचं मूल हे सहज करतं, आणि मावशीच्या ग्रुपवर नम्रपणे विचारतंही.

मदत कधी घ्यायची

मूल आठवड्यांमागून आठवडे हसेनासं झालं, झोप-जेवण बिघडलं, शाळेचं नाव काढताच पोट दुखू लागलं, स्वतःला इजा करू लागलं किंवा मरणाचं बोलू लागलं, तर घरगुती उपायांवर थांबू नका. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी, तिची सुरुवात १९९६ साली मुंबईतच झाली. १०९८ मुलालाच पाठ करून द्या, आपल्या फोन नंबरासारखा.

सुरुवात करताना सहाही पायऱ्या एकदम धरू नका. पहिला आठवडा फक्त पहिलीचा. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः आजी-आजोबांना, विश्वासात घेऊन सांगा, की या आठवड्यात बाकाला मारायचं नाही आणि ‘काही नाही झालं’ म्हणायचं नाही. चुकून तोंडातून गेलं तर तिथेच बदला : “झालं रे, लागलं तुला. दाखव बघू कुठे.” दुसऱ्या आठवड्यात जेवताना प्रत्येकाने दिवसातल्या एका भावनेचं नाव सांगायचं, तोच शब्द दुसऱ्याने वापरायचा नाही. शब्द संपले की आजीला विचारा.